तीन नंबरचा बावटा

पट्टा दंडाला गुंडाळताना
कोंडूबाय तेच विचारते, मागच्या महिन्यात विचारलेलं:
"हातातसून मीठ आंगात जाता काय गो?"

प्रशिक्षणाच्या वहीत मी शोधून पाहिलं.
लोणचं आहे, पापड आहे, खारवलेला बांगडा आहे.
पेजेबरोबरची खारातली कैरी नव्हती,
ती मीच पेनानं लिहिली समासात.
चाळीस वर्षं मिठात बुडलेले हात
कुठल्याच पानावर नाहीत.

मीठ कमी करा, असं दारोदार सांगते मी.
हिला सांगताना जीभ रेटत नाही.
तीन पोरींची लग्नं केली हिनं त्या मिठावर.

"उलवू नको. पट्टो फुगता हा."
ती तोंड मिटते, पण नजर अंगणात
सुंगटांवर उतरलेल्या कावळ्याला शिव्या घालत असते.

एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली एकशे चार.

पहिल्या वर्षी मला सांगताच यायचं नाही.
तक्त्यावरचा लाल रंग दाखवायचे.
तो बघून हीच म्हणाली होती,
"म्हणजे बंदरार बावटो लागलो. होडी सोडूची नाय."
तेव्हापासून वाडीत तीच भाषा चालते.
"तीन नंबरचो," मी म्हणते. "उद्या पयल्या एसटीन दवाखान्यात."
ती मान हलवते.

मग गोळ्या मोजते. आठ कमी.
"खाल्लंस जास्त?"
"इनासाक दिलंय. तेच्या डोक्यात घण पडतत.
तो काय तुझ्याकडे येवचो नाय."

गोळ्या म्हणजे काय घावनं, शेजारी वाटायला?
हे मी बोलणार होते.
त्याऐवजी वहीचं नवीन पान काढलं:
इनास फर्नांडिस, वय अंदाजे बासष्ट.

खालच्या पाणंदीनं गेलो दोघी.
ती पुढे, हात पदराला पुसत.
इनास जाळ्याला गाठी मारत होता, उठला नाही.
मला काय धाड भरली, म्हणाला,
बायकांनी घरी जावं, म्हणाला, अजून बरंच म्हणाला असता,
तर हिनं त्याची बाही वर सारली
आणि पट्टा स्वतःच गुंडाळला, उलटा.
मी सरळ केला.

"उलवू नको," ती त्याला म्हणाली. "पट्टो फुगता हा."

निळ्या कापडावर तिच्या बोटांचं मीठ उमटलं होतं, पांढरं.
तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.
डॉक्टरांना विचारायचं, असं वहीत लिहून ठेवलंय.
आकडा चढत होता.