वाढवणे

ग्रिम्सबीला उतरले तेव्हा माझ्याजवळ
इंग्रजीच्या परीक्षेतले साडेसात बँड होते.
आई म्हणाली होती, चला, साडेसाती संपली.

पहिल्याच आठवड्यात एजन्सीच्या शर्लीने फोनवर विचारलं,
हाउ आर यू गेटिंग ऑन?
मी म्हटलं, फ्रीमन स्ट्रीटच्या स्टॉपवर.
ती हसली, मग खोकली, मग म्हणाली, ब्लेस यू.
आणि मला वाटलं, शिंकलं कोण?

सकाळी सव्वासातला मिस्टर ब्लँचर्ड.
एके काळी मासेमारीच्या बोटीवरून आइसलँडपर्यंत,
आता पलंगापासून खुर्चीपर्यंत.
त्यांच्या औषधांच्या तक्त्यामागे
मी पेन्सिलीने टिपून ठेवायचे:

ड्रॉप ऑफ. लेक दूध ड्रॉप ऑफ करते, पायरीवर. आत येत नाही.
ड्रॉप ऑफ. बातम्या लागल्या की ते ड्रॉप ऑफ होतात, खुर्चीतच.
एकच शब्द. बाहेर दूध, आत म्हातारा,
मध्ये बंद दार.

टर्न अप. रविवारी ती टर्न अप होईल, म्हणाले.
टर्न अप. हीटर जरा टर्न अप कर.
हीटर मी वाढवला.

क्रियापद साधंच असतं हो, शाळेतल्या पहिल्या बाकावरचं.
घोळ घालतं ते मागचं शेंबडं पोर:
अप, ऑफ, आउट, डाउन.
त्याचं बोट धरलं की भला माणूस कुठे जाईल,
नेम नाही.

त्या मंगळवारी बोझनचं पाण्याचं भांडं कोरडं होतं.
चौदा वर्षांचा कुत्रा, मागचे पाय गेलेला,
रोज माझ्या बुटांचा वास घेऊन मगच मला आत सोडणारा.
कुठे गेला हो?
वी हॅड टु पुट हिम डाउन.

खाली ठेवलं.
मी वाकले. सोफ्याखाली पाहिलं.
एक मोजा, अर्धं बिस्कीट, केस.
पुन्हा विचारलं, खाली कुठे?

ते हसले नाहीत.
बोटाने स्वतःच्या दंडावर सुई टोचल्यासारखं केलं
आणि खिडकीकडे बघत राहिले.
वाकलेच होते, तशीच खाली बसले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मीच सांगायला लागले,
माझ्या मोडक्यातोडक्या, साडेसात बँडच्या इंग्रजीत:
आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते.
दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतं.
तासगावात माझे वडील रात्री साडेनऊला फळ्या लावताना म्हणायचे,
चला, दुकान वाढवू.
आणि ज्या दिवशी कायमचं बंद केलं,
वह्या, शाई, कंपासपेट्या सगळं फुंकून टाकलं,
त्या दिवशीही तेच म्हणाले. त्याच आवाजात.

मोअर? म्हणाले मिस्टर ब्लँचर्ड.
फुटलं तर तुम्ही मोअर म्हणता?
हो.
डाफ्ट, म्हणाले.
आणि थोड्या वेळाने, बोझनच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत,
सेम अ‍ॅज अस, देन.

मी लापशी वाढली. हेही वाढणंच, पण ते आता
समजावत बसले नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ता उलटला तर
माझ्या यादीखाली थरथरत्या मोठ्या अक्षरांत
एक नवी ओळ.
पुट अप विथ.
आणि पुढे, मी करते तसंच, उदाहरणासहित:
शी पुट्स अप विथ मी.

पुट मला येत होतं. अप येत होतं. विथ तर केव्हाचं.
तिघांची मिळून होणारी सोसणी
कोशात शोधावी लागली नाही.

अर्थाची जागा कोरीच सोडली.
बोझनचं भांडं धुतलं, पण ओट्यावर ठेवलं नाही,
होतं तिथेच ठेवलं. खाली.
हीटर वाढवला.
दारातलं दूध आत आणलं.
मग सवयीने, मराठीतच,
येते म्हणाले
आणि गेले.