विसरलेली नळी

मुतखडा.
हा शब्द परक्या माणसासमोर तोंडातून निघत नाही.
जुबैलच्या दवाखान्यात मी नुसतं कमरेवर बोट ठेवलं,
आणि शमशादला फोनवर सांगितलं,
पाठ धरलीय थोडी.
तिने तरी ओळखलं. येणाऱ्याबरोबर दोन किलो कुळीथ धाडले.

कारण सांगण्यासारखं नाही.
क्रेनच्या केबिनला दोनशे चौदा पायऱ्या, सरळ शिडीच्या,
आणि पाणी प्यालं की उतरावं लागतं.
म्हणून पीत नव्हतो. अकरा वर्षं.
खाली आम्ही बांधत होतो
समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना.

मग एका रात्री कळ आली.
बाळंतिणीसारखी, म्हणतात. मला काय ठाऊक,
मी मोरीच्या फरशीला गाल लावून पडलो होतो
आणि टेकबहादूर नेपाळीत देवाला शिव्या घालत
माझी चप्पल शोधत होता.

बावीस मिलिमीटर, डॉक्टर मुअताज म्हणाले, सुदानचे,
बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणारे.
आधी बाहेरूनच लाटा मारल्या. फुटला,
पण तुकडे वाटेतच एकामागे एक बसले
रेशनच्या रांगेसारखे, पुढचा हलेना.
मागे लघवी तुंबली, तुंबली तशी सडली, ताप चाळीसच्या वर.
पाठीत भोक पाडून पिशवी लावली,
मग त्याच भोकातून दुर्बीण.
रक्त थांबेना. दोन बाटल्या चढवल्या,
कोणाच्या होत्या कोण जाणे,
त्या कोणाला तरी मी अजून दुआ देतो.
शेवटी आत एक नळी ठेवली, दोन्ही टोकांना वळलेली,
आणि हातात एक कागद दिला. अरबीत.

कागद पासपोर्टच्या झेरॉक्समध्ये गेला.
काम संपलं, कंपनीने आम्हा चाळिसांना
तांदळातल्या खड्यासारखं निवडून टाकलं.
नवा कफील, नवा इकामा,
विम्याचं कार्ड आज येतंय, उद्या येतंय.
नळीचं मी धरून चाललो होतो की
टाके विरघळतात तशी तीही विरघळत असेल.

चौदा महिने.

लघवी लाल झाली तेव्हा दम्मामला फिल्म काढली.
आमचे आजोबा गलबतावर होते, आडनावच सारंग.
नांगराचा दोर पाण्यात फार दिवस राहिला की
त्याला कालवं धरतात, हे त्यांनी मला दाखवलेलं.
फिल्मवर तेच.
वर किडनीत एक गाठोडं, खाली पिशवीत लिंबाएवढं,
मधे माझी नळी, ताणलेली.

खालचा लेसरने फोडला.
वरचा पुन्हा पाठीतून, जुन्या वणाशेजारी.
ओढताना नळी मधेच तुटली,
उरलेल्या तुकड्यासाठी तिसऱ्या दिवशी परत झोपवलं.
डावी किडनी आता तिसऱ्या हिश्शाने चालते.
चालते, हे काय कमी.

सिस्टर बिन्सीने सगळं एका बाटलीत घालून दिलं,
पिवळी वाळू आणि नळीचं ठिसूळ शेपूट.

हल्ली मी दिवसातून पाच वेळा उतरतो.
फोरमन घड्याळ बघतो, वहीत लिहितो. लिहू दे.
कुळथाचं कढण थर्मासात असतं,
उपयोग किती ते डॉक्टर सांगत नाहीत
आणि शमशादला विचारायची सोय नाही.

रात्री कॅम्पात खोल्याखोल्यांतून फिरतो.
कुणाचं ऑपरेशन झालंय का? कागद दाखव.
लोक म्हणतात, सारंग चळला.
शुक्रवारी सतरा नंबरात मुनियांडी भेटला,
वेल्डर, चोवीस वर्षांचा पोरगा.
गादीखालून घडी काढून दिली.
अरबी आकडे मला आता वाचता येतात.
आठ महिने.

"ती विरघळते ना, भाई?"

मी खिशातली बाटली काढली
आणि त्याच्या तळहातावर ठेवली.