खांद्यात कमी

दर दोन वर्षांनी, जूनच्या पौर्णिमेला,
जेव्हा आकाशच इतकं उजळ की दुर्बिणीला तसंही काम नसतं,
एउलालिया कोल्के आरशाचं जुनं कातडं उतरवते.
रबरी बूट, कॉस्टिक सोडा, कापूस, मग पाणीच पाणी,
ज्या वाळवंटात पाणी टँकरने चढतं, तिथे.
साडेतीन मीटरचा आरसा बघता बघता
कोऱ्या चहाच्या रंगाची नुसती काच होतो
आणि त्यातून खालचे लोखंडी टेकू दिसू लागतात.

नवं कातडं दोन ग्रॅमचं.
दोन ग्रॅम अॅल्युमिनियम, निर्वात टाकीत वाफ करून बसवलेलं.
जाडी आठशे अंगस्ट्रॉम.
"त्यातल्याही वरच्या शंभरेकात सगळं उरकतं," ती सांगते.
"दोन कोटी पार्सेक चालत आलेला उजेड
शंभर अंगस्ट्रॉम आत येतो
आणि मागे फिरतो.
उंबऱ्यावर पाय ठेवला न ठेवला, तसा."

मी तिथे वह्यांच्या कामाला होतो.
जुन्या नोंदी अंगस्ट्रॉममध्ये, नवे तक्ते नॅनोमीटरमध्ये,
अंतरं पार्सेकमध्ये.
या भांड्यातून त्या भांड्यात आकडे ओतायचे,
सांडू द्यायचे नाहीत.

एका रात्री तिने विचारलं, एका पार्सेकात अंगस्ट्रॉम किती?
मी फळ्यावर तीन काढला. पुढे शून्यं. सव्वीस.
"तुमच्याकडे हे वाचतात कसं?"
शाळेत घोकलेला जिना पायाला लागला:
अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू,
जलधी, अंत्य, मध्य, परार्ध.
परार्धाशी जिना संपला,
शून्यं अजून नऊ शिल्लक.
म्हणून पुन्हा खाली उतरून एक अब्ज उचलून आणला.
तीन अब्ज परार्ध.
आणि वरचे कोटी सोडून दिले, सुट्टे पैसे सोडावेत तसे.

तिने हातमोजा काढला.
"नख वाढतं सेकंदाला दहा अंगस्ट्रॉम. लावा हिशेब."
लावला. एक पार्सेक नख वाढायला
दहा परार्ध वर्षं.
"मग कापलेलंच बरं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिने
नॅनोमीटरच्या रकान्यात आठशे लिहिलं.
पडदा लाल झाला, पंप थांबले,
विल्मार जेवण सोडून धावत खाली आला,
आणि कळल्यावर सगळे हसले.
ती नाही हसली. वीस वर्षांचा हात होता तो.
पेन घेतलं, दोन शून्यांच्या मध्ये एक टिंब दिलं:
आठशेचे ऐंशी. कातडं तेवढंच राहिलं.

तिची आई डोमितिला सोकाइरे गावात मागावर बसते.
तिचं माप जेमे,
अंगठ्यापासून ताणलेल्या तर्जनीपर्यंत.
पाँचोची रुंदी सात जेमे. आजीचीही सातच होती.
पण संधिवाताने बोटं आवळत गेली,
जेमे वर्षागणिक आखडत गेला,
आणि गावातली माणसं म्हणू लागली,
डोमितिला लोकर चोरते.
एउलालियाने एकदा पोलादी पट्टी नेऊन दिली.
म्हातारीने तिने चुलीतले निखारे सारले.
"मोजून बघ," ती म्हणाली, "सातच भरतात."
आणि खरंच
सातच भरत होते.

निघताना मला एक पाँचो मिळाला, राखाडी, एक तांबडी रेघ.
टेकडीवर वारा असा की कान बधिर व्हावेत.
घालून पाहिला. खांद्यात चार बोटं कमी.
एउलालियाने लांबूनच डोळ्यांनी माप घेतलं:
"किती?"

मी म्हटलं, सत्तर कोटी अंगस्ट्रॉम.

ती जवळ आली, दोन्ही टोकं धरून खाली ओढली
आणि म्हणाली, "पार्सेकात सांगा.
आईला तेच सांगते."