प्रश्न दुसरा, गुण पाच

'समाज म्हणजे काय? व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा.'
मीच काढलेला प्रश्न, दोन्ही भाषांत छापलेला:
कानडी वर, मराठी खाली,
मध्ये एक रेघ.

जुलैतच वर्गात सांगून ठेवलं होतं,
आधी व्याख्या, मग परस्परावलंबन,
संघर्ष शेवटी,
उदाहरण एकच, आणि मुंग्यांचं नको.
बेचाळीस पेपरांत माझंच वाक्य
माझ्याच स्वल्पविरामासकट परत आलं.

त्रेचाळिसाव्यात व्याख्या नाही.

'सर, आमच्या बोळात अकरा बाया विड्या वळतात.
आई एक-दोन मोजते, मल्लव्वा ओंदु-एरडु,
शमशादमावशी मनात; तिचे ओठ हलत नाहीत.
कट्टा मात्र तिघींचा पंचविसाचाच होतो.
बाळंतपणानंतर मावशीची बोटं सुजली
तेव्हा प्रत्येकीनं रोज आपले दोन कट्टे
तिच्या सुपात टाकले.
कुणी ठरवलं नव्हतं. कुठं लिहिलं नव्हतं.
महिन्यानं आईचे दोन चुकले,
तर संध्याकाळी आमच्याकडे दोरा मागायला
कुणीच आलं नाही.
कुणी भांडलंही नाही.
मला वाटतं, तेव्हा तो आला होता घरी,
समाज.
उंबऱ्यावर बसून होता.

मल्लव्वाचा तांब्या वेगळा असतो, कोनाड्यात, पालथा.
तिचे कट्टे चालतात, तांब्या चालत नाही.
हे कुठल्या वैशिष्ट्यात घालायचं ते कळलं नाही,
म्हणून शेवटी लिहिलंय.'

बावीस वर्षं निपाणीत हेच शिकवतोय.
खाली चिकोडीची गाडी लागलीय,
कंडक्टर दोन भाषांत ओरडतोय,
ज्याला जी ऐकू येईल तो तिच्यावर चढतोय.
टेबलावर नमुना उत्तर:
व्याख्येला दोन, वैशिष्ट्यांना दोन, उदाहरणाला एक.
हिशोबानं एकच बसतो.

वाचायच्या आधीच, सवयीनं,
समासात मी लिहून बसलोय: 'व्याख्या?'
लाल शाईत.
खोडावं तर मॉडरेटर विचारणार, का खोडलं.

काय सांगू त्याला.
आमच्या परसात तांब्या नव्हता,
कप होता, कान तुटलेला,
न्हाणीच्या भिंतीवर उपडा.
सहा वर्षांचा असेन.
तो कुणासाठी, हे मी कधीच विचारलं नाही,
कुणी सांगितलंही नाही.

मला माहीत होतं.