पावती नसलेला खर्च

मिस विटेकर,
पत्र पोचलं.
तिसऱ्या तिमाहीच्या हिशेबात
एकशे बारा डॉलर जुळत नाहीत म्हणता,
आणि 'मासे' या शब्दाभोवती
पेन्सिलीने गोल केलाय तुम्ही.

मासे खरेच होते.
चर्चच्या मागच्या खोलीत, सोमवारी रात्री,
कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर
बायका यायच्या थेट,
हातमोज्यांत भिजून सुरकुतलेली बोटं, केसांना ब्लीचचा वास.
रिकाम्या पोटी कुणी कुणाचं ऐकत नाही
एवढं तुमच्या माहितीपत्रकात नव्हतं.
बाकी सगळं होतं, आमच्या भाषेतसुद्धा.
फक्त सुईसाठी छापलेला शब्द
आम्ही मासे धरायच्या गळाला वापरतो.
'या, गळ मोफत आहे.'
हसून हसून तार्लिनाच्या डोळ्यांत पाणी आलं.
त्या रात्रीपासून लोक येऊ लागले.
हसण्याचं बिल मी लावलेलं नाही.

जोरेलिक मात्र हसला नाही.
दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे.
तो तर आभाळाने पोळलेला.
पाच वर्षांचा होता, बेटावर,
वरून पांढरी भुकटी पडली तेव्हा.
मुलांनी ती अंगाला फासली, खेळ म्हणून.
दोन दिवसांनी बोट आली.
मग पुढे वर्षानुवर्षं डॉक्टर येत राहिले,
रक्त काढायचे, गोळी द्यायचे चोखायला.
बाटलीवर आकडा असायचा.
रक्ताचं काय झालं
ते आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

तुम्ही पाठवलेली नर्स, ब्रिएन,
पहिल्या सोमवारी तक्ते घेऊन आली.
मी म्हटलं, बाई, ते गाडीत ठेव,
आणि हे कांदे चीर.
चार सोमवार ती कांदे चिरत होती.
(तिचा ओव्हरटाइम तुमच्याच खात्याने नाकारला,
तो माझ्या हिशेबात शोधू नका.)

पाचव्या सोमवारी जोरेलिक म्हणाला,
बाटली दाखव.
तिने रिकामी कुपी त्याच्या तळहातावर ठेवली.
त्याने चष्मा पुसला,
नातवाकडून एकेक अक्षर वाचून घेतलं,
बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवलं.
मग विचारलं, आणि तुझं नाव?
पूर्ण. आईकडचंही.
तिने लिहून दिलं.
खोलीत फक्त तेल तडतडत होतं.

आता तुमचा फॉर्म.
'कार्यक्रमामुळे लस घेतलेल्या व्यक्ती': एकेचाळीस.
त्यातल्या एकोणतीस
जोरेलिकच्या खिळखिळ्या व्हॅनमधून गेल्या.
पेट्रोलच्या पावत्या सोबत आहेत, त्याच्याच नावाच्या.
त्याने स्वतः अजून घेतलेली नाही.
दवाखान्याच्या दारात गाडी लावतो,
म्हाताऱ्यांना दंडाला धरून उतरवतो,
आत जाऊन रांगेत त्यांच्याशेजारी बसतो,
आणि सुई टोचताना
आपण तोंड फिरवतो.
त्याला कुठल्या रकान्यात लिहू?
मी दोन रात्री फॉर्म उघडा ठेवला.
'इतर' आहे, पण तिथे जागा एका शब्दाची.

सप्टेंबरला निधी संपतो, माहीत आहे.
तुमच्या वरिष्ठांना आकडा वाढलेला हवा,
तेही समजतं, मीही कारखान्यात
मिनिटाला किती कोंबड्या ते मोजते.
पण हे काम त्या पट्ट्यावरून सरकत नाही.
एक बाई सहा आठवडे नुसती जेवून गेली.
सातव्या आठवड्यात जाऊ बरोबर आणली,
म्हणाली, हिला सांगा, मला ऐकायचं नाही.
आणि दोघींनी ऐकलं.

एकशे बारा डॉलर
माझ्या मानधनातून कापून घ्या, हवं तर.
'मासे' मात्र खोडू नका.
जोरेलिकने काल विचारलं,
ती कांदेवाली येणार ना सोमवारी?
तिला अजून काटे काढता येत नाहीत,
घशात अडकला तर कोण जबाबदार?

याक्वे.
आम्ही भेटतानाही हेच म्हणतो, निघतानाही.
तुम्ही ठरवा कुठलं धरायचं.

अल्मिटा,
खजिनदार