चार दिवसांची बॅग

मंगळवारी निघताना छत्री घेतली नाही,
आणि गाडीनं डरॅम ओलांडेपर्यंत
ते माझ्या लक्षातही आलं नाही.
समोरच्या सीटवर एक बाई मांडीवर केक घेऊन बसलेली,
खोका दोन्ही हातांनी धरून.
वळण आलं की केकबरोबर तीही कलायची.
बोललो काहीच नाही.
मॉर्पेथला ती उठली, हात अडकलेले,
म्हणून दाराचं बटण मी दाबलं
आणि झाकणातून नाव वाचलं: कीथ.
बेरिक येईपर्यंत मी त्याला साठीचा केला,
मग सातचा.
सातचा कीथ आता कुठे सापडायला!

काम माझं साधं आहे.
दवाखान्यातली कान तपासायची यंत्रं असतात,
त्यांचे कान तपासायचे.
हजार हर्ट्झ म्हणजे हजारच ना,
चाळीस डेसिबल म्हणजे चाळीसच ना, एवढं बघायचं,
हिरवा स्टिकर चिकटवायचा,
त्यावर पुढच्या वर्षीची तारीख.

मिसेस टेटच्या घरी वरची खोली.
जिन्याची अकरावी पायरी खोकते.
"अंडी कशी आवडतात तुला?"
आणि मी अडले.
बावीस वर्षं झाली या देशात,
त्याआधीची चोवीस कऱ्हाडात,
हे कुणी विचारलंच नव्हतं.
घरी होतील तशी खायची, कांदा-मिरची घालून,
पोळी उरली असेल तर तिच्यात गुंडाळून.
"कशीही," म्हटलं.
बुधवारी सकाळी ती अगदी कशीही आली.

बुधवारी पाऊस आडवा होता, खारट,
बाहीतून कोपरापर्यंत चढणारा.
मिसेस टेटनं तिची छत्री दिली,
तंबूएवढी,
बुडालेल्या कुठल्याशा पतपेढीचं नाव असलेली.
ती घेऊन जुन्या पुलावर उभी राहिले, हंस मोजत.
एकतीसपर्यंत आले
तर दोघांनी माना पाण्यात घातल्या
आणि हिशोब गेला.

दवाखान्यात डॉड्स नावाचे एक गृहस्थ
तासभर लवकर येऊन बसलेले.
म्हटलं, चला, तुमच्यावरच यंत्र तपासते,
ऐकू आलं की बटण दाबा.
मी काही सोडलंच नव्हतं अजून
आणि त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं.
काय ऐकलंत?
"फ्रिज," म्हणाले, "माझ्या घरचा."
मी नोंद केली नाही.
तशी रकाना होताही रिकामा.

गुरुवारी सकाळी प्रमदाताईचा फोन.
तिकडे साडेअकरा, कुकर चढलेला.
काय पाहिलंस? हंस.
काय खाल्लंस? अंडी.
तिसऱ्या शिट्टीला ती थांबली, मीही थांबले,
तीन हजार हर्ट्झच्या आसपास असावी,
वॉशर बदलायला झालाय, मी म्हटलं.
"तिथून कळतं तुला?" ती म्हणाली,
आणि बराच वेळ हसत राहिली,
मग एकदम म्हणाली, भात लागतोय, ठेवते.

अ‍ॅनिकच्या बसला मागून एक मुलगा धावत येताना दिसला.
ड्रायव्हरनं गाडी थांबवली, दार उघडलं.
आम्ही सगळे त्याच्याकडे बघत, घड्याळाकडे बघत,
पोरगा आला, दारासमोरून गेला,
आणि पुढे धावतच राहिला.
त्याला बस नकोच होती.
ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडे पाहिलं
आणि पहिली हसली ती मागची, काठीवाली आजी.

शुक्रवारी छत्री परत करायला गेले
तर मिसेस टेट चादरी झटकत म्हणाली,
राहू दे, पुढच्या वर्षी आण.
म्हणून स्वच्छ उन्हात, स्टेशनच्या चढावर,
हातात हे एवढं मोठं धूड,
लोक आभाळाकडे बघायचे, मग माझ्याकडे.

परतीच्या गाडीत बॅग वर ठेवली, छत्री मांडीवर.
वळणावर ती कलली, मी कलले.
मॉर्पेथ आलं, फलाटावर कुणीच नव्हतं
कबुतरं सोडून.
आणि मॉर्पेथ सुटल्यावर सुचलं:
उकडलेली, पण पुरती नाही,
पिवळं मध्ये थोडं हलतं असलेली,
वर मिरपूड.
कागद शोधला. नव्हता.
हिरव्या स्टिकरच्या मागे लिहून ठेवलं.