फक्त घोड्यांसाठी

पोत्यावर ठळक छापलंय : फक्त घोड्यांसाठी.
खाली बारीक अक्षरांत ओट, सातू, काकवी,
तांबं इतकं, जस्त तितकं,
आणि शिवणीजवळ उधळलेला एक लाल घोडा
ज्यानं असलं काही कधी खाल्लं नसावं.

ओरिसिया हाल्कोविच पोतं घ्यायला आली नव्हती,
परत द्यायला आली होती.
ट्रकमध्ये पाच, त्यातलं एक फोडलेलं.
फोडलेलं घेत नाही, मी म्हटलं.
न फोडलेलंही महिन्यानंतर घेत नाही,
हे म्हणायचं राहिलं होतं,
पण बाहेर उणे चौतीस होतं
आणि तिनं हातमोजे काढून गल्ल्याशेजारी ठेवले होते,
बसायला आलेलं माणूस ठेवतं तसे.

घोडा विकला का?
नाही. सिव्को एकोणतीस वर्षांचा होता.
जमीन इतकी गोठलेली, ती म्हणाली,
की शेजारच्या ऑर्व्हिलला यंत्र आणावं लागलं,
आणि त्याला दिवसभर लागला.
मग, तेवढ्याच आवाजात :
कोंबड्यांना चालेल का हे?

इथं मला पगार मिळतो तो नाही म्हणायचा.
कोंबडीचं कोंबडीला, वासराचं वासराला,
मेंढीला तर दुसऱ्या कुणाचं मुळीच नाही,
तांब्यानं मेंढी मरते,
वजनकाट्यापाशी तशी चिठ्ठीच चिकटवलीय.
पण इलोइलोत माझा बाप
डुकरासाठी आणलेल्या कोंड्यातली एक ओंजळ
रोज पहाटे कोंबड्यांपुढे भिरकावायचा
आणि डुकराच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा,
तू काही पाहिलं नाहीस.

थोडं थोडं द्या, मी म्हटलं. त्यांच्या खाद्यात मिसळून.
ती मिसळणार नाही
हे तिच्या हातमोजे घालण्यावरूनच कळलं.

फेब्रुवारीत ती आली बिस्किटांचा डबा घेऊन.
आत लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं अंडं.
कवचच नाही.
नुसती कातडी, ओलसर, दुधी,
तळहातावर ठेवलं की तळहाताच्या खळग्यात बसतं,
बोट लावलं की बलक आतून सरकतो,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

घोड्याला अंडी घालायची नसतात, मी म्हटलं,
म्हणून पोत्यात तेवढा चुना नसतो.
ती हसली. बराच वेळ हसली.
मग सांगत बसली :
बादलीची कडी वाजली की चौदाही शांटक्लेर धावत येतात,
काकवीचा वास त्यांना लांबून कळतो,
आधी गोड गोड वेचतात, सातू मागे ठेवतात,
तोही तसंच करायचा.
एक तर आता गव्हाणीतच बसते.
हाकललं तर टोचते.

मी आतून शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी आणली.
इथून समुद्र कुठल्याही दिशेनं लांबच.
पिशवी उघडून वास घेतला,
सवय आहे मला ती,
वास कधीच येत नाही, धुतलेले असतात.
हे वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हटलं,
ज्या कोंबडीला हवं ती आपलं आपण खाईल.
पैसे माझ्याकडून भरले. तिला सांगितलं नाही.

मार्चअखेर रस्त्यावर चिखल, छपरातून पाणी.
तिनं डझनभर अंडी गल्ल्यावर ठेवली
आणि एक उचलून काचेवर टक् टक् वाजवून दाखवलं.
पोती संपली होती.
मी कोंबडीखाद्याकडे वळलो,
खोलीच्या त्या टोकाला, पिवळ्या पिशव्या,
सोळा टक्के प्रथिनं, चुन्यासकट सगळं आतच.
ते नको, ती मागून म्हणाली.
तेच द्या. लाल घोड्याचं.

आमच्या वहीत दोन रकाने असतात : प्राणी, आणि संख्या.
वरच्या ऑफिसला लागतात.
पेन हातात धरून मी तिच्याकडे पाहिलं.
चौदा, ती म्हणाली.
मग जरा थांबून, नाही, तेरा. एक कोयोटनं नेली.

मी लिहिलं : घोडे.
पुढच्या रकान्यात : तेरा.
आणि पोतं खांद्यावर घेऊन
चिखलातून तिच्या ट्रकपर्यंत गेलो.